रिसॉर्ट की पारसिकची चढण? नवी मुंबईतल्या एका क्लबच्या प्री-सीझनचं प्रकरण

हा क्लब नेरुळ-बेलापूर पट्ट्यातला. मुंबईच्या लीगमध्ये खेळतो. सामने बहुतेक कूपरेजला किंवा वांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर. क्लबचं आणि माणसांची नावं देत नाही, कारण लिहायची परवानगी त्याच अटीवर मिळाली. मी तिथे फिटनेस प्रशिक्षक आहे. त्यामुळे हे बाहेरून पाहून लिहिलेलं नाही, आणि माझी मतं यात ठिकठिकाणी येतील.

ऑफ-सीझन संपवून मुलं परत आली की लीग सुरू व्हायला हाताशी सहा-सात आठवडे असतात. तेवढ्यात काय साधायचं? मुलांची एकमेकांशी गट्टी जमवायची, की त्यांना आधी घासून-पुसून तयार करायचं? त्या जुलैत यावरून आमचे मॅनेजर आणि प्रमुख प्रशिक्षक (आमचे ‘सर’) यांच्यात सगळ्यांसमोर वाजलं. दोघांचाही हेतू चांगला होता, दोघांकडेही दाखले होते. पुढच्या तीन आठवड्यांत दोघांचेही उपाय करून झाले आणि दोन्ही एकाच ठिकाणी फसले. ते ठिकाण कोणतं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

संघ कसा होता

एकेकाळी मुंबईचं फुटबॉल ऑफिसांच्या संघांवर उभं होतं. एअर इंडिया, ओएनजीसी, आरबीआय, सेंट्रल रेल्वे. पोरगा खेळाडू म्हणून नोकरीला लागायचा आणि पुढची कित्येक वर्षं त्याच संघात असायचा. एकच कॅन्टीन, एकच साहेब, एकच पगाराची तारीख. तिथे कुणी ‘टीम-बिल्डिंग’ केल्याचं मी जुन्या खेळाडूंकडून कधी ऐकलं नाही. त्याची गरजच पडत नसावी. आता ते दिवस गेले. महिंद्रा युनायटेडसारखा संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. आज करार बहुधा एका हंगामाचा. दर जुलैला ड्रेसिंग रूममध्ये निम्मे चेहरे नवे असतात, आणि सप्टेंबरपर्यंत त्यांनी एकमेकांच्या भरवशावर खेळावं अशी अपेक्षा असते.

आमच्या पंचवीस-सव्वीस जणांत दोन गट सरळ दिसत. एक स्थानिक मुलांचा: करंजा, उरण, दिवाळे, कळवा, ठाणे. यातल्या बऱ्याच जणांना क्लबचं मानधन पुरत नाही. कुणी उरणकडच्या कंटेनर यार्डात शिफ्ट करतो, कुणी शाळेत खेळ शिकवतो, कुणी जिममध्ये ट्रेनर आहे. एकाचं घर मासेमारीचं. पावसाळ्यातली बंदी उठली की पहाटे त्याला धक्क्यावर जावं लागतं. दुसरा गट केरळ, गोवा, मणिपूर, मिझोराममधून आलेल्यांचा. ते सीवूड्सला क्लबने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतात, पूर्ण पगारावर आहेत, आणि घर सोडून इतक्या लांब आल्यामुळे त्यांच्यावर वेगळं दडपण असतं. इथे जमलं नाही तर पुढच्या वर्षी कुठे, हा प्रश्न त्यांना रोज असतो.

भांडणं नव्हती. पण सराव संपला की हे एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला. मागच्या हंगामात कॉर्नरवर खाल्लेले गोल आठवले की मला आजही त्रास होतो. बॉल पहिल्या पोस्टवरून घसरून मागे येतो, दोघं एकाच माणसाला धरतात आणि तिसरा मोकळा उभा असतो. गोल झाल्यावर चौघं एकमेकांकडे हात करून ओरडत असतात. मॅनेजरांनी यातून अर्थ काढला की मुलांची आपसांत ओळखच नाही. सरांनी अर्थ काढला की सत्तराव्या मिनिटानंतर पाय चालत नाहीत आणि पाय थांबले की डोकं थांबतं.

दाखल्यांची लढाई

मॅनेजरांचा दाखला जर्मन प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांचा होता. २००४ मध्ये त्यांचा माइन्झ हा क्लब पहिल्यांदाच बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये आला, तेव्हा क्लॉप यांनी संघाला स्वीडनमधल्या एका तळ्याकाठी नेलं. वीज नाही, सोबत खाणं नाही, मासे पकडायचे आणि खायचे. तो छोटा क्लब त्या हंगामात अकरावा आला आणि बुंडेसलिगात टिकला.

सरांनी दुसरे जर्मन प्रशिक्षक फेलिक्स मागाथ काढले. मेडिसिन बॉल (व्यायामाचे जड चेंडू), डोंगर, न संपणारं पळणं. वोल्फ्सबर्ग क्लबला त्यांनी २००९ मध्ये जर्मनीचं विजेतेपद मिळवून दिलं. “तिथे कुणी गाणी म्हणत बसलं नव्हतं,” सर म्हणाले.

मला दोन्ही दाखले अर्धे वाटले. क्लॉप यांच्या तळ्याची गंमत ‘सहली’त नव्हती, तिथली अडचण खरी होती, मासा मिळाला नाही तर सगळेच उपाशी. आणि मागाथ यांची पद्धत सगळीकडे चालली असंही नाही. २०११ मध्ये शाल्के क्लबने त्यांना काढलं, २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुलहॅमनेही. तरी अशा बैठकीत दाखला जितका लांबचा तितका वजनदार ठरतो. शेवटी समितीने दोघांचं मन राखलं: आधी मॅनेजरांची रिसॉर्टची सहल, मग सरांचा मेहनतीचा आठवडा.

कर्जतचे दोन दिवस

कर्जतजवळचं रिसॉर्ट चांगलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराच्या आवाजावर चालायचं, ड्रम आणि बांबूचा तराफा बांधायचा, रस्सीखेच, रात्री शेकोटी आणि गाणी. मुलं मनापासून हसली. मिझोरामच्या मुलाने गिटार काढली तेव्हा करंज्याच्या पोरांनी त्याला उचलूनच घेतलं. हे खोटं नव्हतं आणि मी ते हलकं लेखत नाही. परक्या गावात एकट्या पडलेल्या एकविशीच्या मुलाला कुणीतरी नावाने हाक मारणं ही फार मोठी गोष्ट असते.

पण खोल्या वाटताना जो तो आपल्या भाषेच्या माणसाकडे गेला आणि जेवणाची टेबलंही तशीच भरली. रस्सीखेच बघताना मला माक्स रिंगेलमान आठवले. या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. दोरावर माणसं वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर घटत जातो, असं त्यात दिसलं. थोडं कारण ताळमेळाचं, थोडं ‘बाकीचे ओढताहेत ना’ या भावनेचं. कॉर्नरवर आमचं नेमकं हेच होत होतं. दहा जण मागे आलेले, त्यामुळे प्रत्येकाला वाटायचं कुणीतरी काढेलच. कोण काढेल हे ठरलेलं नसेल तर कितीही दोस्ती असली तरी बॉल कुणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट मला परतीच्या बसमध्ये कळली. यार्डात काम करणाऱ्या मुलाने त्या दोन दिवसांची बिनपगारी रजा टाकली होती. त्याच्यासारखे आणखी काही होते. फ्लॅटमधल्या मुलांसाठी ती सुट्टी होती, यांच्यासाठी खिशातून गेलेले पैसे. बिचारे कुणाशी बोलले नाहीत, कारण सहलीला नाही म्हणणारा ‘संघात न मिसळणारा’ ठरतो.

सरांचा आठवडा

मग दिवसातून दोन सत्रं. पहाटे बेलापूरच्या पारसिक हिल या टेकडीच्या रस्त्यावर चढ-उतार, संध्याकाळी टर्फवर स्प्रिंट आणि पाच-पाचचे सामने.

सुरुवातीला मी सरांच्या बाजूचा होतो. सुट्टीत दोन-चार आठवडे पूर्ण थांबलं की दमसास घसरतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो परत मिळवायला घाम गाळावा लागतोच. हसत-खेळत तो येत नाही. पण चढणीचं गणित नीट मांडायला हवं होतं. चढताना हृदय-फुप्फुसं दमतात; उतरताना मार खातात मांड्या. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावतो, आणि अशा कामात स्नायूंच्या तंतूंना जास्त इजा होते. ते दुखणं लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं. आमची मुलं त्याच दिवसांत ओल्या टर्फवर पूर्ण वेगाने पळत होती.

हवेचंही तेच. जुलैत ऊन नसतं म्हणून धोका नाही, असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. पण हवेत ओल इतकी असते की घाम निथळतो, सुकत नाही. आणि अंग थंड होतं ते घाम सुकल्याने. आठवडा संपेपर्यंत दोघांचे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) ओढले गेले, एकाची पोटरी धरली, आणि एक मुलगा संध्याकाळच्या सत्रात ओकून मैदानाच्या कडेला बसला. त्याला सावलीत नेऊन, जर्सी काढून, बर्फाच्या पाण्याने पुसून काढलं. तो अर्ध्या तासात सावरला. ते बघून मात्र सरही गप्प झाले.

या आठवड्यात संघ एक झाला, हे कबूल करायला हवं. फक्त तो सरांच्या विरोधात एक झाला. पहिल्यांदाच दोन्ही गट एकत्र बसून बोलायला लागले, आणि विषय एकच: हे चाललंय काय? सोबत सोसलं की माणसं जवळ येतात हे खरंच आहे, पण जवळ येऊन ती कुणाकडे तोंड करून उभी राहतील हे सोसायला लावणाऱ्याच्या वागण्यावर ठरतं. २००२ च्या विश्वचषकाआधी सायपान बेटावर आयर्लंडच्या शिबिरात कर्णधार रॉय कीन भडकले ते मेहनतीवर नव्हे. कडक मैदान, वेळेवर न पोहोचलेलं सामान, ढिसाळ तयारी यावर. शेवटी ते घरी गेले. खेळाडू कष्टाला नाही म्हणत नाही. आपल्या कष्टाची कुणाला किंमत नाही असं दिसलं, की तो नाही म्हणतो.

गणित कुठे चुकत होतं

मी रोज सत्रानंतर मुलांना विचारतो, आजचं सत्र शून्य ते दहामध्ये किती जड गेलं? आलेल्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटांचं सत्र आणि सात गुण, म्हणजे ६३०. क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत. तिला ना यंत्र लागतं ना पैसे. सरांच्या आठवड्यात आकडे सगळ्यांसमोर विचारले जात होते आणि स्थानिक मुलं पाच-सहाच्या वर जात नव्हती. मला ते पटेना. मी अर्ध्या तासाने प्रत्येकाला वेगळा व्हॉट्सअॅप करून विचारायला लागलो. तीच मुलं, तेच सत्र, आणि उत्तरं आली आठ, नऊ. एकाने खाली लिहिलं होतं, “सर, समोर बोललो तर पहिल्या अकरात घेणार नाहीत.”

पहाटे चढण, मग आठ तास यार्डात उभं राहणं, मग संध्याकाळी स्प्रिंट. आमच्या तक्त्यात मधले आठ तास कोरे होते. फ्लॅटमधली मुलं त्या वेळात झोपत होती, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, व्यावसायिक खेळाडूने झोपायलाच हवं. पण दोघांना एकच वेळापत्रक लावून आम्ही समान वागणूक देतोय असं समजत होतो. रिसॉर्ट काय, पारसिक काय, दोन्ही बेत पूर्णवेळ खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते, आणि आमचा अर्धा संघ तसा नव्हता. बाहेरच्या मुलांना वाटायचं स्थानिक अंग चोरतात. स्थानिकांना वाटायचं पगार त्यांना आणि पळापळ आम्हाला. या गाठी ना शेकोटीने सुटत होत्या, ना डोंगराने.

काय बदललं

कप्तानाच्या आग्रहावरून बैठक झाली. कप्तान ठाण्याचा, तिशी ओलांडलेला; सगळे त्याला दादा म्हणतात. तो सरांना एवढंच म्हणाला, “सर, मेहनत कमी नका करू. पण ती सगळ्यांना सारखी बसू द्या.”

दिवसाला एकच मैदानी सत्र ठरलं, सकाळी लवकर, शिफ्टवाल्यांना ट्रान्स-हार्बर आणि उरणची गाडी पकडता येईल असं. फ्लॅटवाल्यांची दुसरी खेप जिममध्ये. स्थानिकांना तो वेळ नोकरीत गेला असं धरून त्यांचा भार मोजायचा. पारसिक राहिला, पण आठवड्यातून एकदाच. पळत चढायचं, चालत उतरायचं. सत्रानंतर मैदानावरच सगळ्यांनी मिळून खायचं: उकडलेली अंडी, केळी, पोहे. मुलं रिकाम्या पोटी लोकलला लटकत होती ते त्यामुळे थांबलं. या शेवटच्या गोष्टीला खर्च नगण्य, आणि माझ्या मते गट्टी जमायला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

दुसरी गोष्ट वॉर्म-अपची. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीसेक मिनिटांचा कार्यक्रम बरेच प्रशिक्षक दुखापती टाळण्यासाठी वापरतात. त्यातला किती भाग जोडीने करायचा आहे याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. जोडीदाराभोवती गोल फिरत धावणं, उडी मारून खांद्याला खांदा भिडवणं, एका पायावर उभं राहून एकमेकांचा तोल घालवायचा प्रयत्न करणं. आम्ही जोड्या मुद्दाम मिसळल्या आणि महिनाभर बदलल्या नाहीत.

त्यातलाच एक व्यायाम नॉर्डिक. दुमडलेल्या मॅटवर गुडघे टेकायचे. जोडीदार मागे बसून दोन्ही घोटे दाबून धरतो. पाठ सरळ ठेवून, कमरेत न वाकता, हळूहळू पुढे झुकत जायचं. एका टप्प्यावर हॅमस्ट्रिंगला वजन पेलवत नाही आणि माणूस तळव्यांवर पडतो. हॅमस्ट्रिंग वाचवण्यासाठी याच्याइतका पुरावा असलेला दुसरा व्यायाम मला माहीत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. तो दुखतो, आणि एकट्याने नीट होत नाही. घोटे धरणाऱ्याने पकड सोडली तर पुढचा तोंडावर आपटेल. केरळचा सेंटर-बॅक (मधला बचावपटू) आणि करंज्याचा विंगर (कडेने धावणारा आक्रमक) ही आमची एक जोडी. पहिल्या आठवड्यात दोघं एक शब्द बोलत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात विंगर खाली जात असताना सेंटर-बॅकला तळहातातूनच कळायचं की आता पोटऱ्या थरथरायला लागल्या, आणि तो मोडक्या हिंदीत ओरडायचा, “रुक, रुक, अभी मत छोड!” ही मेहनतच होती, आणि टीम-बिल्डिंगही हीच.

कॉर्नरसाठी सरांनी एक धाडस केलं. बचावातले सहा आणि गोलकीपर यांना फळा आणि मार्कर देऊन वीस मिनिटं एकटं सोडलं. कुणी कुठे उभं राहायचं ते त्यांनी ठरवून यायचं, सर फक्त प्रश्न विचारणार. पहिल्या दिवशी आतून भांडणाचे आवाज आले. मला ते ऐकून बरं वाटलं. क्रीडा-मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट कॅरन यांनी संघाच्या एकीचे दोन भाग वेगळे केले होते: माणसं एकमेकांना आवडणं, आणि कामाबद्दल एकमत असणं. दुसरं पहिल्याशिवायही असू शकतं. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मनीच्या आठ जणांच्या नौकेत जोरदार गटबाजी होती, असं त्याच नौकेतल्या हान्स लेंक यांनी पुढे लिहिलं. आमच्या सात जणांना एकमेकांचे जिवलग व्हायची गरज नव्हती. दुसऱ्या पोस्टला कोण, एवढं ठरायला हवं होतं, आणि ते ठरलं.

निकाल

चमत्कार झाला नाही. हंगामात आम्ही तक्त्याच्या मधोमध राहिलो. पहिला सामना हरलो, एक परराज्यातला मुलगा मध्येच करार सोडून गेला. स्नायूंच्या दुखापती आदल्या वर्षापेक्षा कमी झाल्या, कॉर्नरवरचे गोलही. पण एका संघाच्या एका हंगामावरून ‘हेच औषध’ असं म्हणणं प्रामाणिक होणार नाही. दोन वयस्क खेळाडू त्या वर्षी नव्हते आणि गोलकीपर नवा होता. शेवटच्या वीस मिनिटांत बॅकलाइन, म्हणजे बचावाची फळी, एका रेषेत राहत होती आणि गोल झाला तरी कुणी कुणाकडे हात करत नव्हतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

येत्या प्री-सीझनसाठी रिसॉर्टचा खर्च काढून तो फिजिओ आणि सत्रानंतरच्या नाश्त्याकडे वळवायचं समितीने मान्य केलं आहे. मॅनेजर यावर नाराज आहेत. प्रायोजकाला दाखवायला फोटो हवेत, ही त्यांची अडचणही खरी आहे. त्यामुळे एक दिवस, रविवारी, जवळपासच कुठेतरी, आणि ज्यांचा रोज बुडेल त्यांना क्लबने भरपाई द्यायची, अशी तडजोड निघते आहे.

सरांशी माझा वाद मात्र मिटलेला नाही. त्यांना पहिल्याच दिवशी दमसास मोजणारी यो-यो चाचणी हवी: वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद श्वास, आणि वेग वाढत जाणार. ठरलेल्या पातळीखाली जो थांबेल त्याला दोन आठवडे सराव सामने नाहीत. चाचणी घ्यायला माझी ना नाही. पण रात्रपाळी करून आलेल्या मुलाचा आकडा झोपून आलेल्या मुलाशी लावू नये, त्याच्याच मागच्या वर्षीच्या आकड्याशी लावावा, असं मी म्हणतो. सरांचं उत्तर असतं की समोरचा स्ट्रायकर रात्रपाळीची चौकशी करत नाही. दादांनी सुचवलं आहे की चाचणी सोमवारी न घेता रविवारी घ्या, शिफ्टवाल्यांना आदल्या रात्री झोप मिळेल. त्यावर सर “बघू” म्हणालेत.